मुंबई पुरोगामी, पुणे सनातनी : एका आळशी वर्गीकरणाविरुद्ध

मराठी साहित्याच्या अध्यापनात काही विधाने अशी रुजली आहेत, की त्यांना आता कर्ता उरलेला नाही आणि त्यांचा पुरावाही कुणी मागत नाही. 'मुंबई पुरोगामी, पुणे सनातनी' हे अशा विधानांतले बहुधा सर्वांत टिकाऊ. मुंबई म्हटली की गिरणी, लाल बावटा, लघुअनियतकालिके आणि दलित पँथर. पुणे म्हटले की वाडा, पेठ, पगडी, शुद्धलेखन आणि पूर्वजांच्या तसबिरी. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला ही दोन खोकी पहिल्याच सत्रात मिळतात आणि पुढे जो लेखक हाती येईल त्याला तो पत्ता पाहून एका खोक्यात टाकतो. लेखक वाचण्याचे श्रम त्यामुळे निम्म्याने वाचतात. 'महानगरीय जाणीव' आणि 'सदाशिवपेठी संवेदना' हे शब्द उत्तरपत्रिकेत योग्य ठिकाणी पडले की परीक्षकाचेही समाधान होते. दोन शहरांच्या राजकीय प्रवृत्तींची तुलना करून त्यांचे साहित्यातील पडसाद स्पष्ट करा, या धाटणीचा प्रश्न आम्ही विद्यार्थी असताना सोडवला आहे. आजही तो थोड्याफार फरकाने विचारला जातो, आणि उत्तरही तेच अपेक्षित असते.

आमची हरकत तुलनेला नाही. एका राज्यातल्या दोन मोठ्या शहरांची तुलना अवश्य करावी. हरकत आहे ती तुलना न करता निकाल पाठ करण्याला. हा निकाल तपशिलात चुकीचा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो सोयीचा आहे. मुंबईला तो आपल्या असहिष्णुतेचा हिशेब द्यायला लावत नाही, आणि पुण्यात जे बंडखोर निपजले त्यांना तो पुण्याच्या खात्यातून खोडून टाकतो.

आम्ही हे पालीहून लिहीत आहोत. रत्नागिरी तालुक्यातले हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, आणि कोल्हापूरला जाणारा रस्ता येथूनच आंबा घाटाकडे वळतो. महामार्गाने उत्तरेला गेले की मुंबई. घाट चढून वर गेले की देश, आणि पुढे पुणे. या बाजूच्या घरांतली माणसे पिढ्यानपिढ्या या दोन दिशांनी गेली आहेत. बहुसंख्य मुंबईस गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये. थोडी शिकण्याच्या निमित्ताने पुण्यास. एकाच घरातला थोरला परळला आणि धाकटा पुण्यास, ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. घाट उतरताना थोरल्याचे पुरोगामित्व आणि धाकट्याचे सनातनीपण कोणत्या वळणावर अंगात शिरते, हे आम्हांला कधी उमगलेले नाही.

प्रथम मतपेट्यांकडे पाहू. कारण 'राजकीय कल' या शब्दाचा सर्वांत ढोबळ, पण मोजता येण्याजोगा अर्थ तेथे सापडतो. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईने कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे यांना लोकसभेत धाडले. त्याच निवडणुकीत पुण्याने प्रजासमाजवादी नानासाहेब गोरे यांना धाडले. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापनाही मुंबईच्या कामगार मैदानावर झाली नव्हती, ती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात झाली. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडले, मुंबईतूनच डांगे पुन्हा निवडून आले, आणि पुण्याने एस. एम. जोशी यांना निवडले. १९७७ साली मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या, त्यांत मृणाल गोरे होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या, आणि राम जेठमलानीही होते. पुण्यातून मोहन धारिया जनता पक्षाकडून आले. २००९ मध्ये मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला, पुण्यात काँग्रेसचे सुरेश कलमाडी. २०१४ आणि २०१९ मध्ये मुंबईच्या सहाही जागा भाजप-शिवसेना युतीला, पुण्यात भाजपचे अनिल शिरोळे आणि मग गिरीश बापट. ज्या शहरांना आपण दोन ध्रुव म्हणतो ती लाटेच्या वेळी बहुतेकदा एकाच अंगाला कललेली दिसतात.

जेथे ती वेगळी झाली तेथे तर खोक्यांची फारच पंचाईत होते. १९९६ चे उदाहरण घ्या. त्या साली मुंबईने आपल्या सहाच्या सहा जागा शिवसेना-भाजप युतीला दिल्या. निवडून आलेल्यांत नारायण आठवले यांच्यासारखे लेखक-पत्रकारही होते, ही नोंद साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम करून ठेवावी. आणि त्याच साली 'सनातनी' पुण्याने भाजपला घरी बसवून काँग्रेसला निवडले. १९९८ मध्ये पुन्हा काँग्रेसच्याच विठ्ठल तुपे यांना. मुंबईत बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींना तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती. 'पुरोगामी महानगर' हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिताना या दोन वर्षांचे काय करायचे, हे कुणी सांगत नाही.

अलीकडचे पाहायचे तर २०२४ आहे. लोकसभेला मुंबईने चार जागा महाविकास आघाडीला आणि दोन महायुतीला दिल्या. त्यांतली एक तर अवघ्या ४८ मतांनी. पुण्यातून भाजपचे मुरलीधर मोहोळ आले. झाले, फरक सिद्ध झाला, असे म्हणेपर्यंत नोव्हेंबर उजाडला आणि विधानसभेला मुंबईच्या ३६ पैकी २२ जागा महायुतीकडे गेल्या. दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपच्या मित्रपक्षाचे उमेदवार म्हणून आले, २०२४ मध्ये भाजपच्या विरोधात लढून आले. मतदारसंघ तोच, माणूस तोच, निशाणी मात्र बदललेली. दक्षिण मुंबईचा 'कल' या तीन निवडणुकांत किती अंशांनी फिरला, हे ज्याला सांगता येईल त्याने खुशाल सांगावे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. निवडणुका म्हणजे पक्षांची गणिते. आम्ही बोलतो ते शहराच्या वैचारिक पिंडाविषयी, असे म्हटले जाते. ठीक. मग पिंडच तपासू.

पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज पुण्यात स्थापन झाला. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, तिचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले आणि फुल्यांनी ते पत्राने नाकारले. मराठी साहित्यसंस्थेवरची पहिली आणि अजूनही सर्वांत कठोर टीका या पत्रात आहे. ती टीका कोणी मुंबईकराने पुण्यावर केलेली नाही. लिहिणारा गंज पेठेतला, ज्याला लिहिले तोही पुण्यातलाच. दोघांच्या घरांत चालत जाण्याइतके अंतर. मराठीतील प्रस्थापित आणि विद्रोही यांच्यातली रेघ खंडाळ्याच्या घाटातून जात नाही, ती पुण्याच्या पेठांमधूनच गेलेली आहे, आणि ती फुल्यांनी स्वतः आखून दिली आहे. पुढे १९२० च्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी ब्राह्मणेतर चळवळ चालवली ती जेधे मॅन्शनमधून, तेही पुण्यातच. बाबा आढावांची हमाल पंचायत पुण्यातली. हे सारे 'पुण्याच्या' खात्यातून वजा करून जे उरते त्याला पुणे म्हणायचे असेल, तर ते विधान पुण्याविषयी नाही, वजाबाकीविषयी आहे.

आता मुंबईच्या कामगार चळवळीचे मूळ पाहा. 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केले ते पुण्यात. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. लोखंडे सत्यशोधक. गिरणी कामगारांची मुंबईतली पहिली संघटना त्यांनी उभी केली आणि रविवारची सुटी १८९० मध्ये त्यांच्याच खटपटीने मिळाली. म्हणजे ज्याला आपण मुंबईचा खास वारसा मानतो त्याची पहिली छपाई पुण्याची आहे.

आणि १९०८. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले. या संपाची दखल लेनिनने घेतली, हे डाव्या विचारांचे प्राध्यापक वर्गात अभिमानाने सांगतात आणि सांगावेच. परंतु तो संप कोणासाठी होता? १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकाला 'केसरी'तून विरोध करणाऱ्या पुणेकर संपादकासाठी. आणि संपावर गेलेले कोण? मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी सर्वांत मोठा भरणा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा होता, आणि टिळकही जन्माने रत्नागिरीचेच. या एका घटनेत पुण्याचे सनातनीपण आणि मुंबईचे पुरोगामित्व इतके गुंतलेले आहे, की एक धागा ओढला तर दुसरा तुटतो. आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याला द्यावा तो असा धागा, खोके नव्हे.

येथे शब्दांचा एक घोळही निस्तरला पाहिजे. 'सनातनी' आणि 'उजवा' हे समानार्थी शब्द नव्हेत, 'सुधारक' आणि 'डावा' हेही नव्हेत. यासाठी आम्हांला फार दूर जावे लागत नाही. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. हिंदुत्वावरचे त्यांचे पुस्तक १९२३ मध्येच प्रसिद्ध झालेले. आणि त्याच माणसाने रत्नागिरीत अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम चालवली, १९३१ मध्ये सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि त्याला विरोध केला तो गावातल्या सनातन्यांनी. हिंदुत्वाचा सिद्धान्तकार आणि सनातन्यांचा शत्रू एकाच देहात नांदत होते. आम्ही हे सावरकरांच्या गौरवासाठी सांगत नाही. त्यांच्या राजकारणाविषयी आमचे मत काही सौम्य नाही. सांगायचे ते एवढेच, की जातीविषयीची भूमिका, धर्माविषयीची भूमिका, मजुरीविषयीची भूमिका आणि राष्ट्राविषयीची भूमिका या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. एका माणसात त्या एका रांगेत उभ्या राहत नाहीत. मग दीड-दोन कोटींच्या शहरात कशा राहतील?

आता साहित्याकडे वळू, कारण वर्गीकरणाचा खरा उपद्रव तेथे आहे. साठोत्तरी बंडाची कथा आपल्याला अशी सांगितली जाते : मुंबईच्या तरुणांनी पुण्याच्या पेठी साहित्याविरुद्ध बंड केले. पण १९६९ मध्ये ज्या मासिकाची होळी झाली त्या 'सत्यकथे'चा पत्ता काय होता? सदाशिव पेठ नव्हे, मुंबईतले गिरगाव. मराठी कथा-कवितेची सर्वांत प्रतिष्ठित, आणि विरोधकांच्या मते सर्वांत सोवळी, अशी ती पेढी मुंबईची होती. बंड करणारेही मुंबईचे. मुंबई मुंबईशी भांडत होती. उलट त्या पिढीची सर्वांत गाजलेली कादंबरी 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध केली ती देशमुख आणि कंपनी या पुण्याच्या प्रकाशनाने. आणि तिचा नायक खानदेशातून शिकायला येतो तो पुण्यालाच. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर तुटून पडले ते आचार्य अत्रे, मुंबईत बसून. हे अत्रे सासवडचे, पुण्यात घडलेले, मुंबईत 'मराठा' चालवणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले बिनीचे वक्ते. त्यांना कोणत्या खोक्यात टाकायचे ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ठरवावे.

१९७२ हे वर्ष तर सबंध सत्रभर शिकवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षी राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्र हादरला. तो लेख छापला कोणी? पुण्याच्या 'साधना' साप्ताहिकाने. यदुनाथ थत्ते त्याचे संपादक. साने गुरुजींनी सुरू केलेल्या, सौम्य समजल्या जाणाऱ्या या समाजवादी साप्ताहिकाने तो छापला आणि त्यापायी आलेला रोषही सोसला. मुंबईच्या पँथरचा सर्वांत स्फोटक मजकूर पुण्याच्या छापखान्यातून बाहेर पडला, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात एका वाक्याच्याही वाट्याला येत नाही, कारण ती आली तर पुढचे पान लिहिणे अवघड होते. याच 'साधने'चे पुढचे एक संपादक नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच खून झाला, हेही त्याच शहराच्या खात्यात आहे. ते आम्ही लपवू इच्छित नाही.

त्याच १९७२ च्या १६ डिसेंबरला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, मुंबईचे. संच पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा. नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी होते म्हणून ओरड झाली आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्याच धुरीणांनी नाटक थांबवले. 'पाहा, पुणे सनातनी!' पण थांबवणारेही पुणेकर आणि संस्थेतून बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढणारे, नाटक पुन्हा उभे करून देशोदेशी नेणारे तरुणही पुणेकरच. याच वर्षी मुंबईत 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाची कात्री चालली आणि कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावे लागले. एकाच लेखकाची दोन नाटके, एकच साल, दोन शहरे, आणि दोन्हीकडे बंदीचा प्रयत्न. पुण्यात दबाव संस्थेच्या आतून आला, मुंबईत तो सरकारी मंडळाकडून आला. फरक आहे, पण तो कलाचा नाही, कार्यपद्धतीचा आहे.

हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडे थांबतो. दोन शहरांत भेद नाही असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पुण्याचे राजकारण, मग ते कोणत्याही रंगाचे असो, संस्थेच्या रूपाने चालते. १८७० ची सार्वजनिक सभा, १९०५ ची भारत सेवक समाज, सत्यशोधक समाज, हमाल पंचायत, साधना ट्रस्ट, वसंत व्याख्यानमाला, आणि दुसऱ्या बाजूला शाखा आणि शिक्षणसंस्थाही. तेथे भांडण झाले की फूट पडते आणि नवी संस्था निघते. घटना, नियामक मंडळ, वर्गणी, वार्षिक अहवाल. 'केसरी'तून बाहेर पडून आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढले, 'पीडीए'तून बाहेर पडून 'घाशीराम'वाल्यांनी अकॅडमी काढली. ८५ वर्षांच्या अंतराने तोच रिवाज. मुंबईचे राजकारण वस्तीच्या आणि मजुरीच्या रूपाने चालते : चाळ, गिरणीचा दरवाजा, युनियन, गल्लीतले मंडळ, शाखा. तेथे भांडण झाले की माणसे एका झेंड्याखालून दुसऱ्या झेंड्याखाली जातात, पण नाका तोच राहतो. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. परळच्या माणसांनी घरे बदलली नव्हती. त्याच चाळी, तेच गिरणीचे भोंगे. लाल बावट्याची यंत्रणा ज्या गल्लीत उभी होती त्याच गल्लीत दुसरी यंत्रणा उभी राहिली आणि १९८५ मध्ये तिने महापालिका घेतली. मधल्या काळात, १९८२ च्या जानेवारीत, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी सामंतांना लोकसभेतही धाडले. याला डावे म्हणावे की उजवे? ही माणसे जगण्याचा आधार शोधत होती, आणि तो देईल त्याच्या मागे जात होती.

जयंत पवारांचे 'अधांतर' वाचताना हेच दिसते. संपानंतरचे गिरणगाव, धुरींचे घर, आणि एकेका मुलाची एकेक वाट. या नाटकाला 'मुंबईच्या पुरोगामी जाणिवेचे नाटक' म्हणणे म्हणजे त्यातल्या आईच्या तोंडावर दार लावण्यासारखे आहे. तसेच 'घाशीराम'मधली ब्राह्मणांची ती माणसांची भिंत पाहून पुण्याला निकाली काढणे म्हणजे ती भिंत नाटकात उघडते, मिटते, लपवते आणि दाखवते हे न पाहणे. 'अधांतर'चे राजकारण खोलीच्या आकारात आणि बंद पडलेल्या पगारात आहे. 'घाशीराम'चे राजकारण समूहाच्या शिस्तबद्ध हालचालीत, शहराने मिळून राखलेल्या सभ्यतेत आहे. या अंगाने तुलना केली तर दोन्ही शहरांविषयी काही कळते. 'कोण पुढारलेले' या अंगाने केली तर केवळ तुलना करणाऱ्याचा पत्ता कळतो.

मुंबईच्या खुलेपणाविषयी साहित्याच्या प्राध्यापकांना आणखी एक तारीख विसरता येणार नाही. २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही मुंबईवरची कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आली, शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने मागणी केल्यावर, वर्ष चालू असताना. पुण्यात २००४ च्या ५ जानेवारीला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला तो जेम्स लेन यांच्या शिवाजीमहाराजांवरच्या पुस्तकाच्या निमित्ताने, आणि हल्ला करणारी संभाजी ब्रिगेड स्वतःला ब्राह्मणी वर्चस्वाच्या विरोधातली म्हणवत होती. पोथ्या फाडणारे 'सनातनी' नव्हते, अभ्यासक्रम छाटणारे 'पुणेरी' नव्हते. पुस्तकाविरुद्ध हात उगारण्यात दोन्ही शहरे आणि दोन्ही बाजू सारख्याच तरबेज निघाल्या.

आणि या सगळ्यात आमचे गाव कुठे आहे? त्या प्रश्नपत्रिकेत ते नसतेच. जणू दोन शहरे आपापल्या मातीतून उगवली आणि बाकी महाराष्ट्र त्यांचे पडसाद ऐकत बसला. वस्तुस्थिती उलटी आहे. टिळक रत्नागिरीचे, गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, साने गुरुजी दापोलीच्या पालगडचे, महर्षी कर्वे मुरुडचे, आणि डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगडातले आंबडवे. जहाल, मवाळ, समाजवादी, स्त्रीशिक्षणाचे आणि जातिअंताचे धुरीण, सारे एका जिल्ह्याचे. जिल्ह्यावरून यांच्यापैकी कोणाचा कल सांगता येतो? येत नाही, हे सर्वांना मान्य असते. मग शहरावरून कसा सांगता येतो?

डांग्यांच्या युनियनला वर्गणी देणारा चाकरमानी गावी मनीऑर्डर धाडत होता. त्याच्या मनीऑर्डरवर चालणारे घर शेजारच्या राजापूर मतदारसंघात १९५७ पासून नाथ पै यांना आणि १९७१ पासून मधु दंडवते यांना निवडत होते. मुंबईत लाल, गावी समाजवादी, आणि घरच्या गणपतीत दोघेही हजर. १९९१ मध्ये दंडवते हरले. १९९६ मध्ये त्याच राजापुरातून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. या बदलाचा उगम राजापुरात शोधून सापडत नाही. तो लालबाग-परळच्या गाळ्यांत, गाववाल्यांच्या खोल्यांत आणि ग्रामस्थ मंडळांत वीसेक वर्षे आधी घडला होता आणि शिमग्या-गणपतीच्या गाड्यांनी इकडे आला. मुंबईने कोकणाला विचार दिला असे कोणी म्हणेल, तर त्याने हेही सांगावे की मुंबईला माणसे कोणी दिली. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरी करत मुर्डी-दापोलीच्या कादंबऱ्या लिहीत होते. ते मुंबईचे लेखक की कोकणचे, हा वाद घालणारे समीक्षक त्यांच्या पात्रांना मात्र राजकारण असू शकते हे विसरतात, कारण राजकारण शहरात असते आणि गावात निसर्ग, अशी त्यांची पक्की वाटणी झालेली असते.

नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरचे. लहानपणीच मुंबईच्या गोलपिठ्यात आले. १९७२ मध्ये 'गोलपिठा' आणि पँथर. उत्तरायुष्यात शिवसेनेशी जवळीक आणि 'सामना'त सदर. वर्गात हा शेवटचा भाग एकतर गाळला जातो किंवा 'घसरण' या एका शब्दात उरकला जातो. खोक्यात बसणारा ढसाळ ठेवायचा आणि न बसणारा बाहेर टाकायचा, हीच ती पद्धत. कवीच्या या प्रवासावर कठोर टीका करावी, आम्हीही करतो. पण टीका करण्यासाठी आधी तो संपूर्ण समोर ठेवावा लागतो, आणि ज्या वस्तीने पँथरला जन्म दिला तिच्याच पलीकडच्या नाक्यावर शाखा का उभी राहिली, हा प्रश्न विचारावा लागतो.

येत्या सत्रात आमच्याकडे वाचायला बसणाऱ्या सात-आठ मुलामुलींपुढे तुलनेचा तो प्रश्न आम्ही ठेवणार नाही. 'घाशीराम', 'अधांतर' आणि 'साधना'चा १९७२ चा स्वातंत्र्यदिन विशेषांक ठेवणार आहोत, आणि विचारणार आहोत, की या मजकुरात घरभाडे कोण भरते, सभा कोण बोलावते, वर्गणी कोणाकडे जमा होते, आणि छापण्याचा खर्च कोणी सोसला. मुलांपैकी तिघांचे वडील मुंबईत आहेत, एकीची बहीण पुण्यास शिकते. त्यांनी उत्तरे घरी फोन करून विचारली तरी आमची हरकत नाही.